आत्याचा चौथा दिवस

आत्या गेल्याची बातमी अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आलेल्या एका पक्षकारानं आणली. बाबा वकील असल्यामुळे आमच्या अमरावतीच्या घरी सकाळी माणसं येतातच, आणि आली की सरळ बैठकीत येऊन बसतात. हा मात्र अंगणातच उभा राहिला. "वकीलसाहेब, पहिले आंघोळीचं पाणी तापवाले सांगा," एवढंच म्हणाला. बाबांनी हातातला कागद खाली ठेवला. त्यांनी "कोण?" असंही विचारलं नाही.

लग्न होऊन गेलेल्या बहिणीचं सुतक भावाला फार नसतं. दीड दिवसानं बाबा कोर्टात गेले. मला तर आईनं नुसती आंघोळ सांगितली. मी न्हाले, केस पुसले, आणि मग करण्यासारखं काहीच उरलं नाही. मागच्या खोलीत जाऊन बसले. घरात नेहमीसारखे आवाज चालू होते, पोळीच्या तव्याचा, विहिरीच्या रहाटाचा... आणि एवढ्या मोठ्या घरात आत्याविषयी बोलायला मला एकही माणूस सापडेना.

त्याला आता काही आठवडे झाले. आईचं म्हणणं, असल्या आजाराबद्दल वर्तमानपत्राच्या पुरवणीत लिहू नये. पण तो आजार वगळला तर माझ्याजवळ आत्या फारशी उरतच नाही, कारण तिची नि माझी खरी ओळख त्या आजारातच झाली. तिला गर्भाशयाचा कर्करोग झाला होता. ती त्याला कधी या नावानं हाक मारत नसे. "माझ्या पिशवीचं दुखणं" म्हणायची, जणू काही बाजारात न्यायची पिशवी कुठं उसवली आहे.

आत्याचं सासर अकोल्याचं, भिक्षुकीचं घर. आतोबांचा शब्द त्या गल्लीत शास्त्र म्हणून चाले. मुंज, लग्न, श्राद्ध, सुतक, कशाचीही शंका आली की लोक त्यांच्या ओसरीवर येऊन बसत. दुखणं उमगल्यावर बाबांनी आत्याला मुंबईला नेऊन रेडियम लावून आणलं. तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की उपचार झाला तरी दर तीन महिन्यांनी तपासून घ्यावं लागेल, काही वर्षं तरी. अमरावतीच्या जनाना दवाखान्यात एक गोरी डॉक्टरीण होती. तिला मराठी "बसा", "झोपा" आणि "दुखते?" एवढंच येई. म्हणून तपासणीला आत्याबरोबर मी जाऊ लागले. इंग्रजी शाळेत शिकलेली घरात मी एकटीच.

पहिल्या दिवशी मला घाम फुटला होता. डॉक्टरीण विचारी ते सगळं मला कळत होतं, पण मराठीत ते शब्द मी कधी तोंडातून काढलेच नव्हते. शाळेत ते शिकवत नाहीत आणि घरात बोलत नाहीत. मी भिंतीकडे बघत काहीतरी पुटपुटले. आत्या टेबलावर आडवी पडून माझ्याकडे पाहत होती. "काय व पोट्टी," ती म्हणाली, "दुखणं मले आणि लाजून तू राह्यली?" डॉक्टरिणीनं विचारलं, पेशंट काय म्हणते? मी म्हणाले, काही विशेष नाही.

डॉक्टरीण दोन गोष्टी दर खेपेला सांगे आणि मी त्या दर खेपेला मराठीत सांगे. तपासल्यावर एखादा दिवस थोडं रक्त दिसेल, त्याला घाबरायचं नाही, आतली कातडी नाजूक झालेली असते. पण तपासणी नसताना आपोआप रक्त दिसलं, तर तारखेची वाट न बघता निघून यायचं. आत्या मान हलवी. तिला दोन्ही गोष्टी नीट कळल्या होत्या. घोटाळा कळण्यात नव्हता.

घोटाळा असा होता की आत्याच्या सासरी रक्त म्हणजे विटाळ. बाईनं तीन दिवस बाजूला बसायचं, चौथ्या दिवशी न्हायचं, मग चूल आणि देव. रेडियम लावून आल्यावर कित्येक महिने तिचं अंगावरून जाणं थांबलं नव्हतं. त्या दुखण्याला चौथा दिवसच नव्हता. तिच्या सासूबाई काही दुष्ट नव्हत्या. त्या वेळेवर ताट आणून ठेवीत, पाठ शेकायला विटा तापवून देत, पण उंबऱ्याबाहेरून. अंगणाच्या पलीकडे एक खोली होती, तिथं आत्या राहिली. त्या वर्षीच्या महालक्ष्म्या तिनं त्या खोलीच्या दारातून पाहिल्या. घरातली थोरली सून ती. महालक्ष्म्यांना लुगडी नेसवणं, सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोरा हे सगळं वीस वर्षं तिच्या हातचं. त्या वर्षी धाकट्या जावेनं केलं. "निऱ्या उलट्या घातल्या होत्या," आत्या मला पुढं सांगत होती, "पण सांगाले कोणाले जाऊ? हाक मारावी त गुरुजी मंत्र म्हणून राह्यले."

मग हळूहळू सगळं कोरडं पडलं. ती न्हाली, आत आली. बरी झाली, असं सगळे म्हणाले. पण दर तपासणीनंतर थोडंसं रक्त दिसेच, आणि ती पुन्हा बाजूला बसे. ते दिवस ती आमच्याकडे अमरावतीलाच काढून जाई. आमच्या घरात कोणी इतकं पाळत नाही. आई म्हणे, "वन्सं, या ना स्वयंपाकघरात, कोण बघतंय?" आत्या मागच्या खोलीत चटईवर बसून संत्रं सोलत असे. बाबांचा मोर्शीचा एक पक्षकार हंगामात टोपली धाडायचा. ती हसे. "तुमच्या घरी चालते हो. पण अकोल्याले जाऊन सासूबाईनं विचारलं त काय सांगू?"

"सांगायचंच कशाला?" मी एकदा म्हणाले. "कोणाला कळणार आहे?"

"मले माहीत राह्यते ना," ती म्हणाली, आणि संत्र्याच्या फोडी माझ्यासमोर सरकवल्या. हाताला हात लागू दिला नाही.

खोटं तिला येतच नसे. हे मी तिचं कौतुक म्हणून लिहीत नाही. कधीकधी मला वाटतं, थोडं आलं असतं तर...

गाडीत मात्र ती वेगळीच असायची. कधी रक्त लांबलं की ती तशीच, विटाळातच, परत निघे, आणि तिला पोचवायला मी बडनेऱ्यापर्यंत जाई. तिथं मोठ्या गाडीची वाट बघत आम्ही फलाटावर बसायचो, आणि ती शेजारच्या बायकांशी बोलायची, कोणाचं मूल मांडीवर घ्यायची, दाणे विकत घेऊन वाटायची. माझ्या डोळ्यांतला प्रश्न तिला दिसला असावा. "आगगाडीले कुठं विटाळ असते, बाई," ती म्हणाली. "मले वाटते गाडीतच राहावं." मला गर्दीत बोलायला जमत नाही. पण त्या फलाटावर तिच्याशेजारी गप्प बसलेलं मला आवडायचं.

पुढच्या वर्षी श्रावणाच्या शेवटी तपासणीची तारीख आली. बाबांना खटला होता, म्हणून तिला आणायला आमच्या जुन्या कारकुनाबरोबर मी अकोल्याला गेले. आत्या मागच्या अंगणात फुलोऱ्यासाठी रवा चाळत बसली होती. सोवळं नेसलेली. मला लांबूनच म्हणाली, "शिवू नोको बरं, मडमसाहेब." आणि मग, चाळणी थांबवून, "या खेपेले मी येत नाही."

मी म्हणाले, डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली आहे.

"त्यायची तारीख सरकते. महालक्ष्मीची सरकते काय?" आता गेलं की पुन्हा रक्त दिसणार. आणि कधी एक दिवस दिसतं, कधी आठ. मागच्या खेपेला किती लांबलं होतं ते मलाही ठाऊक होतं.

मी जितकं बोलता येईल तितकं बोलले. इंग्रजीत कदाचित जास्त बोलता आलं असतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमची डॉक्टरीण म्हणते बरी झाली. तुया बाप म्हणते बरी झाली. मले कधी बरं झाल्यासारखं वाटन, माहीत आहे? त्या चुलीपुढं पुरणाचं पातेलं ठेवीन तवा. एवढं होऊ दे. मग तू म्हणशीन तिथं येतो."

मी आत्याशिवायच परत आले. डॉक्टरिणीला जाऊन सांगितलं की पेशंटच्या घरी धार्मिक कार्य आहे. ती म्हणाली, किती दिवसांचं? मी म्हणाले, तीन. मग तिला कळेना की तीन दिवसांच्या कार्यासाठी अख्खी तपासणी का चुकते, आणि मला ते तिच्या भाषेत सांगता आलं नाही.

महालक्ष्म्यांना आम्ही सगळे अकोल्याला गेलो. आत्या त्या दिवशी जशी होती तशी मी तिला आधी कधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. घामानं भिजलेली, आवाज चढलेला, जावेला टोमणे मारणारी. "निऱ्या सुलट्या असतात व बाई, देवीले बाजारात नाही जायचं घाईनं." जाऊही हसली. सासूबाई कोपऱ्यात पाटावर बसून वाती वळत होत्या आणि मधूनमधून नुसत्या तिच्याकडे बघत होत्या. जेवणं झाल्यावर आत्या चुलीशी भिंतीला टेकून बसली, डोळे मिटून. मला वाटलं झोप लागली. ती म्हणाली, "झालं बाप्पा. आता बरी झाली मी."

त्यानंतर ती आली असती. पण पितृपक्ष आला, आणि आतोबांच्या घरी त्या पंधरवड्यात किती पानं उठतात ते सांगायला नको. मग नवरात्र, मग दिवाळी. प्रत्येक वेळी चुलीला तिची गरज होती, आणि तिला चुलीची. पौषात रक्त आपोआप दिसलं. ती बाजूला बसली. चौथ्या दिवशी न्हाली आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा बाजूला बसली. असं काही वेळा झाल्यावर तिनं स्वतःच बाबांना निरोप धाडला. डॉक्टरिणीनं तपासलं आणि हात धुवायला ती बराच वेळ पाठमोरी उभी राहिली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात बोलली. आता पुन्हा रेडियम लावण्यासारखं राहिलं नव्हतं. मी आत्याकडे वळले. ती म्हणाली, "राहू दे. मले आलं समजून." ती एकच तपासणी, जिचं मला काही सांगावं लागलं नाही.

ती पुन्हा अंगणापलीकडच्या खोलीत राहायला गेली, आणि तिथंच गेली.

तेरवीला आम्ही अकोल्याला होतो. धाकट्या जावेनं मला बाजूला घेऊन सांगितलं. आत्याला न्हाऊ घालायला आलेल्या बायकांत प्रश्न निघाला होता. विटाळात बाई गेली तर साधं स्नान चालत नाही, पंचगव्य लागतं, आणखी पुष्कळ काही लागतं. ही तर कित्येक महिने विटाळातच. बायकांचं आपसांत ठरेना. आतोबा अंगणात बसले होते. ते न वळता म्हणाले, "ती बाहेरची नव्हती. आजारी होती. साधं न्हाऊ घाला."

शास्त्रात तसंच आहे की त्यांनी त्या क्षणी ठरवलं, मला माहीत नाही. अख्खी गल्ली ज्यांना विचारायला येते, त्यांना त्यांच्याच घरातून हे कोणी कधी विचारलं नव्हतं. आत्यानंही नाही. असले प्रश्न पुरुषांना विचारायचे नसतात. बायकांनी बायकांत सोडवायचे. आणि ते आपण होऊन कधी बोलले नाहीत.

घरात माणसं फार झाली होती म्हणून मी अंगण ओलांडून त्या खोलीत जाऊन बसले. खोली सारवलेली, रिकामी. समोर घरात चुलीवर तेरवीचं पुरण चढलं होतं. थोड्या वेळानं सासूबाई पळी हातात घेऊन अंगणातून आल्या आणि नेहमीच्या सवयीनं उंबऱ्याबाहेर थांबल्या. "उतरवू काय व?" त्यांनी विचारलं. मला जावेनं मागाहून सांगितलं, की शेवटच्या महिन्यांत हे रोजचंच होतं. आटत आलं की पुरणाचा आवाज बदलतो. आत्या पडल्यापडल्या अंगणापलीकडून तो ऐकायची आणि सांगायची.

मग त्यांना मी दिसले. त्या मागं फिरल्या नाहीत. "तूच सांग आता," त्या म्हणाल्या. "उतरवू?"

मी कान देऊन ऐकलं. माणसांचा गलका होता, भांड्यांचा, कुठंतरी मंत्रांचा. पुरणाचा मला काही ऐकू आला नाही.

"उतरवा," मी म्हणाले.

"ती इतक्या लवकर नसे सांगत," सासूबाई म्हणाल्या, आणि पळी घेऊन चुलीकडे गेल्या.