गाडीचं दावं

आमच्याकडं गाडी किती चांगली, हे तिच्यात माणसं किती मावतात यावरून ठरतं. त्यामुळं मी दोन सीटांची, उघड्या टपाची लाल विलायती गाडी नांदेडहून लातूरला आणली तेव्हा बायकोनं दारातूनच विचारलं, "आणि माझी आई कुठं बसणार?"

"म्हणूनच घेतली," मी म्हणालो. त्या दिवशी चहा मिळाला नाही.

मी जुन्या ट्रॅक्टरांची खरेदी-विक्री करतो. शिरूर अनंतपाळकडच्या कोरडवाहू रानातून आलो, दुसऱ्याच्या गॅरेजात हात काळे केले, आणि आज स्वतःचं यार्ड आहे. भावात मला कुणी गुंडाळलेलं नाही. माझा आवाज चढला की समोरचा खाली येतो, हे बाजाराला ठाऊक आहे. ही गाडी मात्र विकायला घेतली नव्हती. जन्मभर ओढणारी यंत्रं विकली. नुसतं पळणारं एक स्वतःला हवं होतं.

ती नांदेडच्या एका चाचांची. तरुणपणी ते हैदराबादला एका नवाबाकडं ड्रायव्हर होते. नवाबाचे दिवस फिरले तेव्हा त्यानं निरोप देताना गाडीच देऊन टाकली. मी पाहिली तेव्हा ती घरामागं पत्र्याखाली उभी होती आणि सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी रुमाल काढला, चाचांचा हात त्याखाली घेतला आणि बैलबाजारात करतात तसा बोटं दाबून भाव सुरू केला.

"अरे बेटा, हा काय बैल हाय का?" चाचा हसले, पण बोटं त्यांनीही दाबली. शेवटच्या एका बोटावर अडलं. ते सोडेनात, मी देईना. त्यांचं लक्ष गाडीकडं होतं आणि डोळे भरले होते. अडलंय ते पैशावर नाही, हे मला कळलं.

"चाचा," मी म्हणालो, "आमच्यात बैल विकला तरी दावं देत नाहीत. दावं घरात राहिलं की लक्ष्मी घरात राहते. तुम्ही हिचं दावं ठेवा."

"गाडीला कसलं दावं?"

बॉनेटखाली कंपनीची छोटी पितळी पट्टी होती, गाडीचा नंबर कोरलेली. मी स्क्रू काढून ती त्यांच्या हातात ठेवली. चाचांनी ती कुर्त्याला पुसली आणि अडवलेलं बोट सोडून दिलं. असा सौदा मी पुन्हा केला नाही. दोघंही खूश होऊन उठलो.

इंजिन मी स्वतः उघडलं. गंजलेला तळ कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला. मग दर रविवारी सकाळी चाकूरपर्यंत चहाला जायचो. हॉटेलवाला ओरडायचा, "शेठ, लहान हाय अजून. कधी वाढंल ही?" ईदला नांदेडला जायचो, शीरखुर्मा खायचो आणि चाचांना शेजारी बसवून गल्लीतून फिरवायचो. ते वारले तेव्हा मातीलाही याच गाडीनं गेलो.

मग अशा जुन्या गाड्यांचे भाव चढायला लागले. पुण्याचा एक माणूस आला, गाडीखाली निजून बघितलं आणि त्यानं जो आकडा सांगितला त्यात माझं सगळं यार्ड आलं असतं. त्या दिवसापासून माझा मुलगा गाडीवर चादर टाकायला लागला. "बाबा, रस्त्यावर काढू नका." पुण्याच्या माणसानं जाताना एवढंच विचारलं, "नंबरची पट्टी कुठं आहे? चेसिसवरचा नंबर वेल्डिंगखाली गेलाय. पट्टी नसेल तर ही गाडी तीच, हे कशावरून? मग मी शोभेचा भाव देईन."

मी नांदेडला गेलो. चाचांच्या मुलाचं मोबाईलचं दुकान आहे. गल्ल्याच्या वर पट्टी फ्रेममध्ये टांगलेली.

"या काका. शीरखुर्म्याला टाइम हाय अजून."

"पट्टी दे. काय घेतोस बोल."

"दावं विकत नसतात. अब्बांना तुम्हीच सांगितलं ना?"

"चेष्टा करू नको."

"चेष्टा न्हाई. गाडी विका, अर्धे तुमचे, अर्धे आमचे. पट्टी फुकट."

"अर्धे? कोंबडी बसली होती रे तिच्यात! इंजिन कुणी उघडलं, पत्रा कुणी टाकला?"

"पत्रा तुमचा. नंबर अब्बांचा."

मी आवाज चढवला. दुकानाबाहेर माणसं जमली. तो खाली आला नाही, त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला आणि हळूच म्हणाला, "काका, लोक म्हणतात तुम्ही अब्बांना रुमालाखाली लुटलं. मी न्हाई म्हणत. पण म्हणून राहिले."

हे मात्र मला आजही गिळवत नाही. तेव्हा त्या लोखंडाला भंगारवाला विचारत नव्हता. मी भंगारापेक्षा कितीतरी जास्त दिले. पण रुमालाखालचा भाव दोघांनाच माहीत असतो, आणि माझ्या बाजूनं बोलू शकणारा एकच माणूस कबरीत आहे. दिलेल्या दिवशी भाव रास्त होता. पुढं तो वाढला हा माझा गुन्हा? जमलेल्यांना मी हे ओरडून सांगितलं. कुणी मान हलवली नाही.

घरी आलो आणि चादर ओढून फेकली. आता गाडी रोज काढतो. मोंढ्याच्या बाजारात जातो, शेजारच्या सीटवर पेंडीचं पोतं टाकतो, चिंचेखाली लावतो, वरून बगळ्यांनी काय करायचं ते करावं. स्पीडब्रेकरवर तळ घासतो तरी वेग कमी करत नाही. पुण्याच्या माणसाचा फोन उचलत नाही.

परवा पोतं उतरवताना दरवाजाला लांब ओरखडा पडला. बायको अंगणात उभी होती.

"कुणाचं नुकसान करून राहिलात?"

"त्याचं. अर्धं त्याचं म्हणतो ना?"

"आणि बाकीचं अर्धं?"

"ते माझं आहे. मी काहीही करीन."

ती आत गेली. मी दुसरं पोतं आणायला गाडी वळवली.