डाव्या सीटवरचा सुहास

वॉर्डातून फोन आला तेव्हा मी लंडनच्या कडेला, आमच्या पिनरमध्येच, कौन्सिलच्या कचऱ्याच्या लॉरीमागे अडकले होते. शेजारच्या सीटवर टॉवेलात गुंडाळलेला मऊ भाताचा डबा. नर्सने आधी विचारलं, ‘‘आर यू ड्रायव्हिंग? प्लीज, पुल ओव्हर फर्स्ट.’’ तिथेच मला सगळं कळलं. गाडी बाजूला घेतली, ती काय सांगते ते ऐकलं, थँक यूसुद्धा म्हणाले... आणि डब्यावर हात ठेवून बसून राहिले. माझा नवरा गेला होता आणि भात अजून गरम होता.

सुहास आणि मी नोकरीसाठी पुण्याहून इथे आलो, तेव्हापासून स्टिअरिंग त्याच्याच ताब्यात. लायसन्स माझ्याकडेही होतं, पण मी चालवायला बसले की तो खिडकीवरची मूठ धरून असा काही चेहरा करायचा, की मीच किल्ली परत द्यायची. गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, आता उपचारांचा उपयोग नाही.  घरी येऊन बूट काढता काढता तो म्हणाला, ‘‘इथल्या ओलीनं हाडं कुजली माझी. कोरडं ऊन पाहिजे. चल, वाळवंट बघू.’’ स्पेनच्या दक्षिणेला वाळवंट आहे हे त्याने कधीतरी शोधून ठेवलं होतं. विमानाने नको, आपल्या गाडीने, फेरीबोटीतून. कार्डिफला शिकणारी आमची लेक आर्याही सुट्टी काढून आली. अट एकच, गाडीत आजाराचा विषय निघता कामा नये.

चालवणार अर्थातच मी. तिथे रस्त्याच्या उजवीकडून जायचं आणि आमच्या ब्रिटिश गाडीचं स्टिअरिंगही उजवीकडे. त्यामुळे पुढे ट्रक आला की मला त्याच्या पाठीपलीकडचं काही दिसायचं नाही. दिसायचं ते डावीकडे बसलेल्याला. ओव्हरटेक करताना समोर बघून ‘जा’ की ‘थांब’ सांगणं हे सुहासचं काम झालं. आणि तो ‘जा’ म्हणेचना! टोमॅटोने भरलेल्या ट्रकांमागून आम्ही वरातीसारखे चाललो होतो. मागून आर्या वैतागायची, ‘‘बाबा, सीरियसली? हा लॉरी मार्केटला जातोय. आपण पण जाणार का?’’ हा म्हणायचा, ‘‘अति घाई संकटात नेई!’’ मग घाटातल्या त्या पाट्यांची गोष्ट तिला पहिल्यापासून सांगायचा.

तबेर्नास, सोर्बास... पांढरी घरं, दुपारी बंद झडपा, चौकात एखादं बाक. प्रत्येक गावात आम्ही उतरायचो. तो उन्हात डोळे मिटून बसायचा, बारमधलं बटाट्याचं जाड ऑम्लेट माझ्या लसणाच्या चटणीबरोबर दोन घास खायचा. निघताना हातावर दही हवंच. सुपरमार्केटात मी दही समजून उचललं ते निघालं व्हॅनिला योगर्ट. ते चाटून म्हणाला, ‘‘साखर वाचली. शकुन इंपोर्टेड आहे.’’ बघणाऱ्याला वाटलं असतं, काय निवांत कुटुंब आहे! आणि मी पेट्रोल पंपाच्या टॉयलेटमध्ये नळ पूर्ण सोडून तोंडात ओढणी कोंबून रडत होते. प्रत्येक गाव मागे पडलं की वाटायचं, एक कमी झालं. हे रस्ते संपू नयेत, कुणीतरी डोंगर आणून आडवा टाकावा, असं मला वेड्यासारखं वाटत होतं.

सोर्बासच्या पुढे रस्ता उजवीकडे वळला आणि ट्रकच्या कडेने मला पलीकडचं दिसलं. रस्ता डोंगरापर्यंत रिकामा होता. एक सायकलसुद्धा नव्हती. ‘‘थांब,’’ सुहास म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. तो समोरच बघत होता, आणि उजवा पाय खालच्या मॅटवर गच्च दाबलेला, जणू तिथे ब्रेक आहे.

‘‘सुहास, रस्ता रिकामा आहे.’’

‘‘माहितेय,’’ तो म्हणाला. ‘‘पण पुढे जाऊन करायचंय काय?’’

त्याची अट त्याने स्वतः मोडली ती एवढीच. आर्याने मागे कानातले हेडफोन काढले.  पुढच्या गावापर्यंत आम्ही त्या टोमॅटोंच्या मागेच गेलो.

परत आल्यावर लवकरच तो वॉर्डात गेला. तिथे ‘थांब’ म्हणायची पाळी माझी होती. लाज सोडून, नर्सच्या देखत म्हणाले. आर्याचं कॉन्व्होकेशन होऊ दे, डॅफोडिल्स फुलू देत... सुचेल ते कारण. आयुष्यभर ज्याने माझं ऐकलं नाही, तो तेव्हा तरी कशाला ऐकेल! भेटायला येणारे म्हणतात, ‘सुटला बिचारा.’ सुटला असेल. माझं काय? मला राग येतो त्याचा. माझ्यासाठी मी ट्रकमागे थांबले नव्हते, त्याच्यासाठी थांबले होते.

गाडी मी अजून धुतलेली नाही. आर्या म्हणाली, ‘‘आई, बाबाचा बाजूचं मॅट फाटलाय. नवीन ऑर्डर करू?’’ मी तिच्यावर इतकी ओरडले की दोघीही घाबरलो. टाचेने दाबून दाबून तिथे खळगा पडला आहे आणि त्यात तिकडची बारीक वाळू बसली आहे.

परवा पुन्हा कचऱ्याची लॉरी पुढे आली. इथे मला समोरचं सगळं दिसतं. रस्ता मोकळा होता. मागच्याने हॉर्न दिला, मग आणखी एकदा दिला. मी डावीकडे बघितलं, त्या खळग्याकडे... आणि पुढे गेले नाही.