पाणी मारलेली गवार

मार्चमध्येच विहिरीने तळ गाठला, तशी शीळफाट्याजवळच्या रखमाबाईंनी पालक-मेथीचा नाद सोडून कमी पाण्यावर येणारी गवार लावली. तिलाही भांडी विसळलेलं पाणी. त्यापायी घरात साबण बंद, भांडी राखेने घासायची. सून वैतागली, पण गवार आली.

पहाटे खुडून डोंबिवलीला नेली, तर नेहमीच्या गिऱ्हाईक वासंतीताई म्हणाल्या, "सुकलेली दिसतेय हो. जरा पाणी तरी मारा!" आणि शेजारच्या गाडीवरची कालची, ओलीचिंब गवार घेऊन गेल्या.

"पाणी मारा म्हणे! हिच्या बापाने टँकर पाठवलाय?" रखमाबाई धुसफुसल्या.

दुपारपर्यंत कोणी फिरकलं नाही. मग त्यांनी चरफडत स्वतःची प्यायची बाटली अख्खी गवारीवर ओतली.

टोपली हां हां म्हणता संपली. घसा मात्र शीळफाट्यापर्यंत कोरडा.