उद्घाटनाआधी जाळ्यावर

बाळांनो, शिरूरला आपल्या घरासमोरच्या बागेत मुलांना चढायला दोरांचं उंच जाळं बसवलंय. पण नगरपालिकेच्या साहेबांनी नारळ फोडून फीत कापेपर्यंत कुणी चढायचं नाही, असा हुकूम. साहेब काही येईनात. पोरं रोज येऊन नुसती बघून जायची. शेवटी मी चपला काढल्या, पदर खोचला आणि फितीखालून वाकून जाळ्यावर चढले.

"आजी, उतरा! उद्घाटन न्हाई झालं अजून!" वॉचमन ओरडला.

"मग नारळ आणा, मामा. मीच फोडते."

"आन् पडलात म्हंजी?"

"मग साहेब लगेच येतील, माझ्यासोबत फोटो काढायला."

वॉचमनला हसू आवरेना. तेवढ्यात सगळी पोरं फितीखालून घुसली आणि भराभर वर चढली. मला खाली उतरवायला मात्र कुणालाच सवड नव्हती.