सायकलच्या उड्यांना संबळ

माझा मित्र ओंकार डोंगरउतारावरून सायकल उडवतो. त्याच्या व्हिडिओंना संगीत मी देतो, म्हणजे शेवटी मुंगीएवढ्या अक्षरात ज्याचं नाव येतं तो मी. मोखाड्याकडच्या सूर्यमाळच्या उतारावरचा नवा व्हिडिओ पाठवून त्याने बजावलं, या खेपेला अंगावर काटा आला नाही तर इंटरनेटवरचं तयार संगीत लावीन. इतक्या वर्षांची मैत्री आणि हे असं तोंडावर! चिडून मी गाडी काढली. म्हटलं, जिथे उड्या मारल्यास तिथलंच वाद्य आणतो.

कसाऱ्याहून खोडाळामार्गे मोखाडा गाठा. रस्ता वळणावळणाचा, मधूनमधून उखडलेला. पेट्रोल कसाऱ्यालाच भरा, घरी फोनही तिथूनच करा. खोडाळ्यात तांदळाची भाकरी आणि उडदाची आमटी मिळाली. दोघांचं जेवण एकट्याने हाणलं, तरी खिसा ओरडला नाही.

आधी सूर्यमाळला जाऊन तो उतार पाहिला. व्हिडिओत कडा वाटतो. प्रत्यक्षात एक मावशी डोक्यावर हंडा घेऊन तिथून निवांत चालल्या होत्या. ओंकारच्या शौर्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

मोखाड्याजवळच्या एका पाड्यावर काशिनाथदादा भेटले. इथल्या बोहाड्यात मुखवटे घालून देव-राक्षसांची सोंगं नाचतात, त्यांना संबळ वाजवणारे हे. मी फोनवर व्हिडिओ लावला आणि जोरात काहीतरी वाजवा म्हणालो. दादांनी काठ्यांना हातही लावला नाही.

"सोंग कोनाचं हाय, ते आधी सांगा."

सोंग नाही हो, मित्र आहे माझा, मी म्हटलं. दादांनी ओंकारचं हेल्मेट, गॉगल निरखले. एवढा मुखवटा चढवलाय आणि म्हणे सोंग नाही! इथे प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, म्हणून वाजवणंही वेगळं. नुसतं जोरात असं काही नसतंच. मी नरसिंह सुचवून पाहिला. तोवर शेजारीपाजारी जमले, व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघितला गेला, वादही झाला. अखेर दादांनी निकाल दिला.

"ढोपरं भायेर, मान पुढं, नुसती झेपावते. ही त्राटिका."

आणि दादा सुटले. आईशप्पथ, काटा आला! शेवटी ओंकार धाडकन आपटतो, तिथे संबळही थांबला. फोनवर रेकॉर्ड केलं त्यात मी काडीचा बदल केला नाही.

परतीला जव्हारमार्गे आलो. शिरपामाळला वारा झकास होता, पण माझं चित्त ओंकार काय म्हणेल याकडे. त्याला ते इतकं आवडलं, की माझं नाव थेट सुरुवातीला, मोठ्या अक्षरात आलं. त्राटिकेबद्दल मी मूग गिळून बसलो.

मग व्हिडिओखाली मोखाड्याच्या कुणीतरी लिहिलं, आमची त्राटिका सायकल कधी शिकली? लगेच ओंकारचा फोन. सगळं सांगावं लागलं. संपलं, म्हटलं, संगीतही गेलं आणि नावही.

"शेवटी काय होतं तिचं?" त्याने विचारलं.

"रामाचा बाण लागतो."

"म्हणजे मी पडतो तिथे?"

"हो."

"मग राहू दे तसंच. लोकांना साखळी निसटली म्हणून सांगत होतो, कुणी विश्वास ठेवत नव्हतं. आता सांगतो, रामाने पाडलं."