हातमागाचं घर आणि खलबत्ता

ड्रेस्डेनजवळच्या खेड्यात आम्ही सुट्टीसाठी जुनं लाकडी घर भाड्याने घेतलं. खालची खोली ओंडक्यांची, पण वरचा मजला तिच्यावर न टेकता बाहेरच्या खांबांवर पेललेला. पूर्वी खाली हातमाग चालायचा, त्याचे हादरे वर जाऊ नयेत म्हणून ही युक्ती, असं वर राहणाऱ्या मालकीणबाईंनी सांगितलं. मी ते सासूबाईंना समजावलं, तिथेच चुकलं. रविवारी सकाळी, अख्खं गाव चिडीचूप असताना, त्यांनी पुण्याहून आणलेल्या लोखंडी खलबत्त्यात दाणे कुटायला घेतले.

"अहो आई, रविवारी इथे आवाज चालत नाही!" मी किंचाळले.

"हादरे वर जात नाहीत, तूच म्हणालीस."

मी आणखी किंचाळले. मालकीणबाई खाली आल्या. खलबत्त्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"घर हातमागासाठी बांधलंय," त्या मला म्हणाल्या, "तुमच्या ओरडण्यासाठी नाही."