बाबांनी बुजवलेली उघाडी

परवा रविवारी बदलापूरच्या आमच्या किचनमध्ये आमच्याच शेतातला तांदूळ शिजला. शेजारच्या चार घरांत सांगून झालं, आता तुम्हालाही सांगते...

माहेरची शेती कल्याणच्या पुढे, खाडीला लागून. मागे बांध फुटला, भरतीचं पाणी आत आलं आणि जमीन खारावली. लावलेलं रोप करपून जायचं. यंदाही पीक आलं नाही तर भराव टाकून जागा गोडाऊनला द्यायची, असं घरात ठरलं. बाबा हो म्हणाले खरे, पण नंतर दोन दिवस शेताच्या बांधावरच जाऊन बसत होते.

मी अंबरनाथ एमआयडीसीत नोकरी करते, शेतीतलं मला ओ की ठो कळत नाही. कृषी कार्यालयातल्या मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, आधी बांध नीट करा. पावसाचं पाणी शेतात साठू द्या, मीठ त्यात उतरलं की ओहोटीला ते बाहेर सोडा. असं परत परत करा, मगच खाऱ्या जमिनीत टिकणारं बियाणं लावा.

मग मी दर रविवारी जाऊन उघाडी, म्हणजे बांधातली पाणी सोडायची वाट, मोकळी करून यायचे... आणि पुढच्या रविवारी बघावं तर चिखलाने बुजवलेली. आधी गावातल्या पोरांवर संशय घेतला. निघाले आमचे बाबाच.

त्यांची उमेदीची सगळी वर्षं मिठागरात गेली. तिथे पाणी अडवायचं, उन्हात आटवायचं... पाणी वाहून गेलं की कमाई गेली. "बाय, पानी असा सोराचा नसतं," एवढंच म्हणायचे; सोडायचं नाही म्हणजे नाही. म्हणजे अगदी मनापासून ते माझ्या भातशेतीचं मिठागर करत होते. असा राग यायचा ना...

शेवटी वाद घालणं सोडलं. शेतातलं पाणी ओंजळीत घेऊन त्यांच्यापुढे धरलं, फक्त चाखून सांगा म्हटलं. मिठागरात चाखायचे तसं त्यांनी जिभेवर घेतलं. पावसाचं पाणी, पण खारट झालेलं. फावडं उचललं आणि उघाडी स्वतःच फोडली. नंतर ओहोटीच्या वेळा तेच मला फोन करून सांगायला लागले.

पीक फार नाही, पण आलं. गोडाऊनचा विषय बंद झाला. परवा बाबा स्वतः पिशवीभर नवे तांदूळ घेऊन आले. पानात नुसता भात वाढून घेतला, डाळ नको म्हणाले. जमिनीतलं मीठ काही भातात उतरत नाही, मलाही कळतं... तरी मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते.

दोन घास खाऊन म्हणाले, "अलनी हाय."

माझ्या स्वयंपाकाला कोणी अळणी म्हटलं आणि मी आनंदाने रडले, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं.